दोन बोटांचा जँगो

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या गायक-वादकावर लेख असतोच. बडोद्याचं मंडळ म्हटल्यावर मौलाबक्ष, फैयाज खाँ, अब्दुल करीम खाँ यांच्यावर लिहून झालेलं आहे, आणि ते आमच्यापेक्षा जाणत्या लोकांनी लिहिलं आहे. यंदा संपादक मंडळाने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही, पण गिटारवर लिहू का? थोडी कुजबुज झाली. मग कुणीतरी म्हणालं, लिहू दे, याने मंडळाच्या ऑर्केस्ट्रात दहा वर्षं गिटार वाजवली आहे. ते खरं आहे. दादा मुख्य गिटार वाजवायचा आणि मी मागे बसून ठेका धरायचो. ज्या माणसावर लिहितोय त्याचं नाव मी पहिल्यांदा दादाच्याच तोंडून ऐकलं. फैयाज खाँसाहेब नोव्हेंबर १९५० मध्ये गेले, हा त्यानंतर अडीच वर्षांनी. इतकाच काय तो आपल्या गावाशी कालाचा संबंध. दुसराही एक संबंध आहे, तो पुढे येईल.

जँगो राइनहार्ट २३ जानेवारी १९१० ला बेल्जियममधल्या लिबेर्शी नावाच्या खेड्याजवळ जन्मला. घरात नव्हे, चाकं लावलेल्या लाकडी गाडीत. त्याचे आईवडील जिप्सी. गाड्यांचा तांडा त्या हिवाळ्यात तिथे थांबलेला होता म्हणून ते त्याचं जन्मगाव, एवढंच. वडील वाद्यं वाजवून, खेळ करून पोट भरणारे होते आणि पुढे कुटुंबापासून वेगळे झाले. मुलाने आडनाव लावलं ते आईचं. आई लॉरेन्स टोपल्या विणायची, आणि पहिल्या महायुद्धानंतर रणांगणावर पडलेल्या तोफगोळ्यांच्या पितळी टोप्या गोळा करून त्यांच्या बांगड्या करून विकायची. मुलगा आठ-दहा वर्षांचा असताना तांडा पॅरिसच्या वेशीवर स्थिरावला. शहराची जुनी तटबंदी होती, तिच्याबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात चिंध्या गोळा करणारे, भंगारवाले आणि जिप्सी राहात. शाळा त्याने फारशी पाहिलीच नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं, ना अक्षर, ना स्वरलिपी.

आता तो दुसरा संबंध. युरोपातले हे जिप्सी, म्हणजे रोमा लोक, हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानच्या वायव्येकडून निघालेले. हे कुणा उत्साही माणसाने जोडलेलं नातं नाही, भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्या भाषेवरूनच ते सिद्ध केलं आहे. त्यांचे आकडे म्हणून पाहा: एक, दुई, त्रिन, श्टार, पांच, शोव. मग सात, आठ, नऊ एकदम ग्रीक होतात, एफ्ता, ओख्तो, एन्या. आणि दहाला परत देश. वाटेत ग्रीकांच्या मुलखात किती काळ मुक्काम पडला ते या तीन आकड्यांवरून समजतं. पाण्याला पाणी म्हणतात, नाकाला नाक, आगीला याग. जँगोची जी जमात, ती फ्रान्समध्ये मानूश म्हणून ओळखली जाते, आणि त्याचा अर्थ तोच, माणूस. जँगो या नावाचा अर्थ मी जागा होतो असा सांगतात, त्यातलं मूळ आपल्या जागण्याशी जुळतं. आपण चार-सहा पिढ्या गुजरातेत राहून मराठी टिकवली याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाच. पण हजार वर्षं, गाव नाही, जमीन नाही, शाळा नाही, लिपी नाही, आणि पाणी मात्र पाणीच राहिलं.

बाराव्या वर्षी त्याला कुणीतरी बँजो-गिटार दिली. तो कुणाकडे शिकला नाही, मोठ्यांच्या बोटांकडे बघत बसायचा. वर्षभरात तो पॅरिसच्या स्वस्त नाचघरांत अकॉर्डियनवाल्यांच्या साथीला वाजवू लागला. कमाई आईच्या हातात जायची. १९२८ साली अठराव्या वर्षी त्याच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या, त्याही साथीदार म्हणून. लेबलवर त्याचं नाव चुकीचं छापलं गेलं होतं. ते चुकलं आहे हे वाचून समजण्याची सोयच त्याला नव्हती.

त्याच शरद ऋतूत इंग्लंडचा प्रसिद्ध बँडवाला जॅक हिल्टन त्याला ऐकायला आला आणि त्याने बँडमध्ये घ्यायचं ठरवलं. लंडन, पगार, नाव, सगळं समोर दिसत होतं.

२ नोव्हेंबर १९२८ ची रात्र. जँगो नाचघरातलं काम संपवून उशिरा गाडीत परतला. त्याची तरुण बायको फ्लोरीन, जिला सगळे बेला म्हणत, ती सेल्युलॉइडची नकली फुलं करून विकायची. दुसऱ्या दिवशीच्या विक्रीची फुलं गाडीभर पसरलेली होती. हातातली मेणबत्ती फुलांवर पडली. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या फिल्मचा पदार्थ, तो जळत नाही, भडकतो. मी सरकारी नोकरीत अग्निसुरक्षेच्या तपासणीच्या फेऱ्यांना जाऊन आलेलो माणूस आहे. लाकडाची बंद गाडी, आत फुलांचा ढीग, एकच दार, हे वाचताना हिशेब आपोआप डोक्यात होतो आणि तो बरा येत नाही. दोघं बाहेर पडली हेच नशीब. बेलाचे केस जळाले. जँगोने अंगावर घोंगडं ओढून वाट काढली, ते डाव्या हाताने धरलेलं होतं. उजवा पाय आणि डावा हात भाजून निघाला.

डॉक्टरांनी पाय कापायचं ठरवलं. त्याने आणि घरच्यांनी ठाम नकार दिला आणि त्याला तिथून हलवलं. पाय वाचला. दीड वर्षाच्या आसपास तो अंथरुणाला होता. हाताचं मात्र व्हायचं ते झालं: डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका आखडून तळव्याकडे वळल्या त्या कायमच्या. गिटार न वाजवणाऱ्यांसाठी सांगतो, डावा हात हाच गिटारचा गळा. उजवा हात तारा छेडतो, पण सूर कुठला ते डाव्या हाताची चार बोटं पडद्यांवर दाबून ठरवतात. चारातली दोन गेली म्हणजे निम्मं वाद्य गेलं.

इथे धाकटा भाऊ येतो. जोसेफ, दोन वर्षांनी लहान. तो स्वतः गिटार वाजवायचा. त्याने आजारी भावाच्या खाटेवर नवी गिटार आणून ठेवली. बँजोपेक्षा तिचा आवाज मऊ, तारा दाबायला हलक्या. जँगोने मग महिनोन्महिने त्या खाटेवर एकट्याने नवी पद्धत बसवली. इतर वादक तारांच्या आडव्या जागेत बोटं पसरून सूर घेतात. याने तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यावर गिटारच्या दांडीवर उभं वर-खाली धावायला सुरुवात केली. आखडलेली दोन बोटं काही कॉर्डना पातळ तारांवर नुसती टेकवून वापरली. जिथे चार बोटांचा माणूस सहा सूर धरेल, तिथे त्याने तीनच धरले आणि ते असे निवडले की ऐकणाऱ्याला उरलेले तीन आपोआप ऐकू यावेत. त्याचे रेकॉर्डिंग ऐकताना वेग इतका आहे की दोन बोटांची गोष्ट माहीत नसेल तर कळतच नाही, आणि माहीत असली तर विश्वास बसत नाही. मी एकदा घरी दोन बोटं रबराने बांधून प्रयत्न करून पाहिला. दहा मिनिटांत रबर काढलं.

बेलाला त्या आगीनंतर काही महिन्यांनी मुलगा झाला, लुसों. पण संसार टिकला नाही. बेलाने पुढे दुसरं लग्न केलं आणि मुलाने सावत्र वडिलांचं आडनाव लावलं. जँगो बरा झाल्यावर नागीन नावाच्या, नात्यातल्याच मुलीबरोबर राहू लागला. नाव वाचून दचकू नका, ते तिचं लाडाचं नाव आहे आणि आपल्या नागिणीशी त्याचा संबंध मी लावत नाही. दोघं दक्षिणेकडे भटकत, रस्त्यावर, कॅफेत वाजवत तुलों गावी पोहोचली. तिथे १९३१ साली एमिल साव्हित्री या चित्रकाराने त्याला खोलीत बोलावून अमेरिकन रेकॉर्ड ऐकवल्या. त्यात लुई आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट होता. जँगो डोकं धरून बसला म्हणतात. आजवर तो जे वाजवत होता त्याला जॅझ नावाचं मोठं घर आहे हे त्याला तेव्हा कळलं.

१९३४ साली पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात संध्याकाळच्या चहाच्या वेळी नाचाला वाजवणारा एक बँड होता. जँगो त्यात होता आणि स्तेफान ग्रापेल्ली नावाचा व्हायोलिनवालाही. मध्यंतरात ग्रापेल्ली पडद्यामागे नवी तार लावून जुळवत होता, जुळवता जुळवता एक ओळ वाजवली, जँगोने गिटारवर ती उचलली, आणि दोघं वाजवतच राहिले. मग रोजच मध्यंतरात हा उद्योग सुरू झाला. जोसेफ आला, रॉजे शापू नावाचा आणखी एक गिटारवाला आला, बँडप्रमुख लुई व्होला बास घेऊन उभा राहिला. पॅरिसच्या जॅझवेड्या तरुणांची हॉट क्लब नावाची संस्था होती, तिने या पाचांना व्यासपीठावर आणलं. २ डिसेंबर १९३४ ला त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. ना ड्रम, ना पियानो, ना एक फुंकायचं वाद्य. सगळ्या तारा. असा जॅझ तोवर कुणी ऐकला नव्हता. रेकॉर्ड कंपन्यांनाही आधी तो पटेना.

आणि ड्रम नसताना नाच कसा होई? ते काम मागचे दोन गिटारवाले करत. प्रत्येक मात्रेवर कॉर्ड मारायची आणि लगेच दाबून टाकायची; दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर जोर. फ्रेंचमध्ये त्याला पंप म्हणतात. सायकलमध्ये हवा भरल्यासारखं ते चालतं, रात्रभर. दुसरा गिटारवाला आला त्याचीही गंमत आहे. ग्रापेल्ली वाजवत असताना त्याच्यामागे दोन गिटार असत, जँगो आणि जोसेफ. जँगो वाजवू लागला की मागे एकटा जोसेफ उरे. हा अन्याय जँगोला खपला नाही, म्हणून तिसरी गिटार.

मला या सगळ्यात जोसेफबद्दल जास्त वाटतं, हे कबूल करतो. त्याने भावाला गिटार आणून दिली. त्यानेच नंतर भावाची गिटार वाहून नेली, तुटलेल्या तारा बदलल्या, आणि आयुष्यभर मागे बसून पंप मारला. तो स्वतः चांगला वादक होता. मधूनमधून तो रुसून निघून जाई आणि मग एखादा मावसभाऊ-चुलतभाऊ त्याच्या जागी बसे. आमच्याकडे अॅम्प्लिफायर रिक्षात चढवायचा तो मी, दादाची गिटार सुरात लावायची ती मी, आणि टाळ्या कुणाला ते सांगायला नको. एका वर्षी विसर्जनाच्या आदल्या रात्री मी हे सगळं दादाला ऐकवलं, चारचौघांत. तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याला पुण्यात नोकरी लागली आणि आमचा ऑर्केस्ट्रा तिथेच संपला. लोक अजून म्हणतात नोकरीमुळे संपला.

१९३५ ते १९३९ ही त्या पाचांची भरभराटीची वर्षं. मायनर स्विंग ही त्यांची रचना १९३७ ची, आजही गिटार शिकणारी मुलं पहिल्यांदा तीच वाजवायला घेतात. जँगो सुरावट गुणगुणायचा, लिहून दुसरा कुणी घ्यायचा. सही करायला त्याला ग्रापेल्लीने शिकवलं. स्वभावाने जँगो बेभरवशाचा. कार्यक्रमाला उशिरा येणं, कधी न येणंच. मिळालेले पैसे जुगारात, बिलियर्डच्या टेबलावर रात्रीत उडवणं. मोठ्या हॉटेलातली खोली सोडून गाड्यांच्या तळावर झोपायला जाणं. ग्रापेल्ली काटेकोर, वेळेचा पक्का. पोस्टरवर कुणाचं नाव मोठं यावरूनही दोघांत धुसफूस. पण वाजवायला बसले की एक जण श्वास घेई तिथे दुसरा सुरू होई.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा मंडळी लंडनला होती. ग्रापेल्ली आजारी होता, तो तिथेच राहिला. जँगो सामानसुमान टाकून पॅरिसला, आपल्या माणसांत परतला. पुढच्या वर्षी जर्मन पॅरिसमध्ये आले.

इथून पुढची पाच वर्षं समजून घ्यायची असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. नाझींनी ज्यूंप्रमाणेच जिप्सींनाही संपवायला घेतलं होतं. युरोपभरात किती मारले गेले याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. मोजदाद नीट झालीच नाही, कारण मेलेल्यांची नावं विचारायला कागद घेऊन येणारं कुणी नव्हतं. फ्रान्समध्येही भटक्यांना छावण्यांत डांबलं गेलं, आणि त्यातल्या काही छावण्या युद्ध संपल्यावरही १९४६ पर्यंत सुरू होत्या. जँगो जिप्सी, वर वाजवायचा ते जॅझ, म्हणजे नाझींच्या लेखी दुहेरी गुन्हा. आणि तरी याच काळात तो पॅरिसमधला सगळ्यात मोठा कलावंत झाला. जर्मन अधिकारी संध्याकाळी त्याला ऐकायला येत. व्हायोलिनच्या जागी त्याने ह्यूबेर रोस्तँ या तरुणाचा क्लॅरिनेट घेतला आणि १९४० च्या डिसेंबरमध्ये नुआज, म्हणजे ढग, ही रचना ध्वनिमुद्रित केली. शब्द नसलेली, संथ, खाली उतरत जाणारी सुरावट. व्यापलेल्या फ्रान्सने ती आपलं गाणं म्हणून उचलली.

पण त्याला भीती वाटत होती. बर्लिनला येऊन वाजवण्यासाठी दबाव वाढत होता आणि गेलेला जिप्सी परत येईल याची खात्री कुणी देत नव्हतं. जून १९४३ मध्ये त्याने नागीनशी रीतसर लग्न केलं. त्याच शरदात तिला दिवस गेलेले असताना दोघं स्विस सरहद्दीकडे निघाली आणि जर्मनांच्या हाती सापडली. तिथला जर्मन अधिकारी जॅझचा शौकीन निघाला, त्याने त्याला ओळखलं आणि सोडून दिलं. दुसऱ्यांदा तो रात्री सरहद्द ओलांडायला गेला, तर स्विस पहारेकऱ्यांनीच परत पाठवलं. तो पॅरिसला येऊन पुन्हा वाजवू लागला. ८ जून १९४४ ला, दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्यानंतर दोनच दिवसांनी, मुलगा झाला. त्याचं नाव बाबिक.

युद्धानंतर जानेवारी १९४६ मध्ये जँगो लंडनला गेला आणि सहा वर्षांनी ग्रापेल्लीला भेटला. दोघांनी वाद्यं काढली आणि पहिल्यांदा फ्रान्सचं राष्ट्रगीत स्विंगच्या ठेक्यात वाजवलं. ते रेकॉर्ड झालं आहे.

त्याच वर्षी ड्यूक एलिंग्टनने त्याला अमेरिकेला बोलावलं. जँगो गिटार न घेताच विमानात बसला. त्याला वाटलं, अमेरिकेतल्या गिटार कंपन्या आपल्याला भेट द्यायला रांग लावतील. कुणी आलं नाही. उसनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन त्याने दौरा केला. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दोन रात्री कार्यक्रम होता. पहिली रात्र गाजली. दुसऱ्या रात्री फ्रेंच मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दां, जुना दोस्त, भेटला, गप्पा लांबल्या आणि जँगो पोहोचला तेव्हा कार्यक्रम संपत आला होता. अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतलं नाही. फेब्रुवारी १९४७ मध्ये तो परतला, थोडा हिरमुसलेला. नव्या अमेरिकन जॅझचं वारं त्याच्या वाजवण्यात मात्र शिरलं. शेवटच्या वर्षांतली त्याची इलेक्ट्रिक गिटार अनेकांना रुक्ष वाटते. मला ती आवडते; चाळिशीतला माणूस नव्याने शिकतोय हे ऐकू येतं. १९४९ साली रोममध्ये ग्रापेल्लीबरोबर त्याने साठाहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली, ती दोघांची शेवटची.

१९५१ पासून तो सेन नदीकाठच्या सामुआ या लहानशा गावी नागीन आणि बाबिकबरोबर राहू लागला. सकाळी गळ टाकून बसायचं, दुपारी बिलियर्ड, मधेच चित्रं काढायची, मनात आलं तर पॅरिसला जाऊन वाजवून यायचं. डोकं दुखायचं, बोटं ताठायची. डॉक्टरकडे जा म्हटलं की तो विषय बदलायचा. १९२८ साली पाय कापायला निघालेल्या डॉक्टरांची धास्ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. १६ मे १९५३, शनिवार. पॅरिसहून रात्रीचं वाजवून तो परतला, आव्हों स्टेशनवरून घराकडे आला आणि कोसळला. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर यायला उशीर झाला. फोंतेनब्लोच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. वय ४३. बाबिक नऊ वर्षांचाही झाला नव्हता.

दोन्ही मुलांनी गिटारच घेतली. लुसों आपल्या लोकांतच, छोट्या जागी वाजवत राहिला आणि १९९२ मध्ये गेला. बाबिकने वडिलांची नक्कल करायचं टाळून इलेक्ट्रिक गिटारवर स्वतःची वाट धरली. तो २००१ मध्ये गेला. त्याचा मुलगा डेव्हिड आज वाजवतो. जोसेफ १९८२ पर्यंत होता. ग्रापेल्ली खूप जगला, १९९७ पर्यंत. १९८४ साली आपल्या एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबर त्याची रेकॉर्डही निघाली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या पोराच्या दोन बोटांची टोकं मशिनमध्ये गेली, तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. तो पुढे ब्लॅक सॅबथचा गिटारवाला झाला, हे आपल्या मंडळातल्या तरुण मुलांसाठी. जँगोची ५०३ नंबरची सेल्मर गिटार नागीनने पॅरिसच्या वाद्यसंग्रहालयाला देऊन टाकली. ती काचेत आहे. सामुआला अनेक वर्षं त्याच्या नावाचा महोत्सव भरायचा, गाड्यांचे तांडे यायचे आणि कार्यक्रम संपल्यावर नदीकाठी शेकोटीभोवती रात्रभर पंप चालू असायचा.

हा लेख लिहिताना काही तारखा पडताळायच्या होत्या म्हणून मी दादाला पुण्याला फोन केला. बऱ्याच वर्षांनी आम्ही अर्धा तास बोललो, सगळं जँगोवरच. यंदा तो गौरी-गणपतीला घरी येतोय. पाचव्या दिवशी आरतीनंतर अर्ध्या तासाची जागा कार्यक्रम समितीने आम्हाला दिली आहे. गिटार माळ्यावरून उतरवल्या आहेत, तारा गंजल्या होत्या त्या नवीन आणल्या. मागे मीच बसणार आहे.